दीड मिलिमीटरचा प्रश्न

मँडोलिन बदलण्याची इच्छा वादकाला बहुधा दुसऱ्याचे मँडोलिन हातात घेतल्यावर होते. तोवर त्याचे स्वतःचे वाद्य उत्तम असते. पहिले मँडोलिन साधारण दोन-तीनशे डॉलरचे, प्लायवुडचे आणि कोणीतरी वाढदिवसाला दिलेले असते. त्यावर तो तीन-चार वर्षे इमानाने वाजवतो, बोटांना घट्टे पाडून घेतो आणि हे वाद्य मुळातच दुखरे आहे अशी समजूत करून घेऊन सुखात असतो. मग अमेरिकेतल्या एखाद्या गावच्या ब्लूग्रास संगीताच्या बैठकीत शेजारचा माणूस कॉफी आणायला उठतो आणि ‘जरा धरा’ म्हणून आपले वाद्य त्याच्या मांडीवर ठेवून जातो. कॉफी येईपर्यंत चार सूर वाजवून झालेले असतात. तारा पहिल्याच दाबात बसतात, सूर खणखणीत येतो, बोट दुखत नाही. त्या दिवसापासून घरचे मँडोलिन बिघडायला लागते.

ही तक्रार निव्वळ मनाची नसते. मँडोलिनच्या आठ तारा दोन-दोनच्या चार जोड्यांत असतात आणि व्हायोलिनसारख्याच जुळवलेल्या असतात. एका सुरासाठी बोटाला एकाच वेळी दोन तारा दाबाव्या लागतात. नटपासून घोडीपर्यंत तारेची मोकळी लांबी जेमतेम ३५ सेंटिमीटर. गिटारची ६५च्या आसपास. मध्यम जाडीच्या आठ तारांचा एकूण ताण मात्र ७५-८० किलोच्या घरात जातो. म्हणजे एक धडधाकट गृहस्थ त्या इवल्याशा पेटीला अहोरात्र लोंबकळत असतो. त्यामुळे गिटारवर ज्या फरकाकडे कोणी ढुंकूनही पाहणार नाही, तो इथे बोटाला लगेच कळतो आणि पुढे तासभर बोलायला पुरतो.

वाद्य आपल्या सोयीचे करून घेण्याचा सर्वांत धीट नमुना भारतातला आहे. कर्नाटक संगीताला गमक हवे, त्यासाठी तार ओढावी लागते, आणि जोडीतल्या दोन तारा एकाच वेळी सारख्याच ओढणे म्हणजे दोघांचे भांडण एका शब्दात मिटवणे. पालकोल्लूचे यू. श्रीनिवास (१९६९–२०१४) यांनी ते भांडणच ठेवले नाही. विजेवर चालणारे, पाच एकेरी तारांचे मँडोलिन घेऊन त्यांनी अख्खी कर्नाटक मैफल उभी केली. उलट संगीतकार सज्जाद हुसेन जोडतारांच्या नेहमीच्या मँडोलिनवर हिंदुस्थानी राग मींडेसकट वाजवत. तेव्हा चांगल्या बोटांना वाईट वाद्य आड येत नाही, असे कोणी म्हटले तर ते खरे आहे. फक्त असे म्हणणाऱ्याची बोटे सहसा सज्जाद हुसेन यांची नसतात.

वाद्य बदलायचे ठरले की पहिला विषय बजेटचा. अमेरिकेच्या बाजारात मध्यम बजेट म्हणजे ढोबळमानाने हजार ते दोन हजार डॉलर. या पैशात कोरून घडवलेले, अस्सल स्प्रूसच्या लाकडाच्या तोंडाचे आणि मेपलच्या पाठीचे मँडोलिन मिळते. त्याखाली प्लायवुड किंवा दाबून वाकवलेल्या फळ्या, त्यावर टेक्सासच्या कॉलिंग्जसारख्या कारखान्यांची वाद्ये, आणि अगदी शिखरावर गिब्सन कंपनीच्या लॉइड लोअर यांच्या सहीची जुनी ‘एफ-५’ मँडोलिने, ज्यांची किंमत लाख डॉलरच्या पुढे असते. मध्यम बजेटाचा एकच दोष, ते एका जागी थांबत नाही. प्रत्येक मँडोलिनच्या शेजारी त्याहून थोडे बरे मँडोलिन टांगलेले असते आणि ते ‘फक्त दोनशे डॉलरने’ महाग असते. हजारापासून निघून दोनशे-दोनशेच्या पायऱ्या चढत गेल्यास सुमारे पाचशेव्या पायरीवर लोअर यांची सही लागते. वाटेत कुठेही एकदम मोठी रक्कम वाढवावी लागत नाही.

यानंतर आकार. मँडोलिनचे नेपल्सचे मूळ रूप भोपळ्यासारख्या फुगीर पाठीचे. आजच्या अमेरिकी बाजारात मात्र लढत दोघांतच आहे. ‘ए’ म्हणजे साधे, पाण्याच्या थेंबाच्या आकाराचे. ‘एफ’ म्हणजे एका खांद्यावर लाकडाची गुंडाळी आणि खाली दोन टोके असलेले. ही गुंडाळी मिशिगनमधल्या कॅलमझूच्या ऑर्व्हिल गिब्सन यांच्या काळापासूनची. १८९८ साली त्यांना कोरीव तोंडाच्या मँडोलिनचे पेटंट मिळाले आणि १९०२ मध्ये त्यांच्या नावाची कंपनी निघाली. गुंडाळीचा आवाजाशी संबंध किती, या प्रश्नाला बहुतेक कारागीर ‘जवळजवळ नाहीच’ असे सांगतात आणि मग एफचेच मँडोलिन बनवायला बसतात, कारण गिऱ्हाईक तेच मागते. ती वळणे कोरायची, त्यांच्या कडेने पट्टी बसवायची, सांधे दिसू द्यायचे नाहीत, या सगळ्याला हाताचे तास लागतात आणि तासांचे पैसे.

ईस्टमन या कंपनीने ही गोष्ट आपल्या क्रमांकांतच उघड करून ठेवली आहे. १९९२ साली चियान नी यांनी सुरू केलेली ही कंपनी आधी व्हायोलिने करीत असे. तिच्या मँडोलिनांत ‘एमडी-३०५’ ए आकाराचे आणि ‘एमडी-३१५’ एफ आकाराचे. शेवटचा आकडा चार असेल तर तोंडावरचे छिद्र लंबगोल, पाच असेल तर व्हायोलिनसारखी दोन. मधला आकडा शून्याचा एक झाला की किंमत काही शे डॉलरनी वाढते. लाकूड त्याच प्रतीचे, मान तीच, छिद्रे तीच. वाढीव पैसे त्या एका आकड्याचे. पाचशेच्या मालिकेत चकाकी आणि नक्षी वाढते. ज्याला केवळ वाजवायचे आहे त्याने ३०५ घ्यावे, हा सल्ला जाणकार अनेक वर्षे देत आले आहेत. तो ऐकणारे ३०५ घेतात, आणि घरी आल्यावर ३१५ची छायाचित्रे पाहत बसतात.

गुंडाळीच्या या वेडाला जबाबदार बिल मन्रो. केंटकीतल्या रोझीनच्या या गृहस्थांनी (१९११–१९९६) ब्लूग्रास हा संगीतप्रकार घडवला. आठ भावंडांत ते धाकटे. थोरल्या भावांनी फिडल आणि गिटार आधीच ताब्यात घेतल्यामुळे त्यांच्या वाट्याला मँडोलिन आले, आणि फार मोठा आवाज होऊ नये म्हणून भावांनी त्यावर आठऐवजी चारच तारा ठेवायला लावल्या. पुढे १९४०च्या दशकात फ्लोरिडातल्या एका न्हाव्याच्या दुकानाच्या काचेत त्यांना एक जुने एफ-५ दिसले. त्यांनी ते १५० डॉलरला घेतले. आत ९ जुलै १९२३ या तारखेची लोअर यांची सही होती. लोअर १९१९ ते १९२४ या काळात गिब्सनमध्ये होते. एफ-५ त्यांनी १९२२ मध्ये बाजारात आणले तेव्हा मँडोलिन वाद्यवृंदांचे वेड ओसरत होते, लोक बँजोकडे वळत होते आणि हे मँडोलिन फारसे खपले नाही. वीस वर्षांनी मन्रोंनी ते हातात घेतले आणि तेव्हापासून प्रत्येक मँडोलिनवादकाला खांद्यावर गुंडाळी हवी असते.

एफ-५चा दुसरा दागिना म्हणजे पडद्यांच्या पट्टीचे पुढे आलेले टोक. त्याचा आकार फ्लोरिडा राज्यासारखा असल्याने वादक त्याला फ्लोरिडाच म्हणतात. तिथवर पडदे मोजले तर संख्या २९ भरते. शेवटच्या पाच-सहा पडद्यांवर काही वाजवलेले कोणी सहसा ऐकत नाही. तारा छेडायचा पिक मात्र तिथे नेमाने आपटतो आणि टकटक करतो. म्हणून हौशी वादक नवे मँडोलिन घेऊन कारागिराकडे जातात आणि तेवढा भाग तासून खोल करून घेतात. फ्लोरिडा बसवण्याचे पैसे एकदा, काढण्याचे पैसे दुसऱ्यांदा. काही कंपन्या हल्ली तो मुळातच तासलेला देतात, आणि ही सोय जाहिरातीत ठळक छापतात.

एफची बाजू घ्यायचीच तर एक मुद्दा खरा आहे. बसून वाजवताना खालचे टोक मांडीवर टेकते आणि गुंडाळीला पट्टा अडकवता येतो. ए आकाराचे मँडोलिन मांडीवरून घसरते. त्यावर उपाय म्हणून पट्टा बसूनही गळ्यात ठेवावा लागतो. पट्टा वीस-पंचवीस डॉलरला मिळतो, गुंडाळी काही शे डॉलरला. हिशेब कोणालाही करता येतो, आणि कोणीही करत नाही.

छिद्रांचा प्रश्न त्यामानाने लवकर सुटतो. लंबगोल छिद्राचा आवाज गोड आणि रेंगाळणारा. आयरिश धून, एकट्याने वाजवणे, घरची संध्याकाळ यांना बरा. व्हायोलिनसारख्या छिद्रांचा आवाज कोरडा, पुढे फेकलेला. बँजो आणि फिडलच्या गोंगाटात ऐकू जाणारा. ब्लूग्रासमध्ये मँडोलिनला ढोलकीचेही काम करावे लागते: मात्रेच्या मधल्या ठोक्यावर तारा छेडून लगेच बोटे सैल करून सूर तोडायचा. याला चॉप म्हणतात. लंबगोल छिद्राच्या मँडोलिनवर चॉप केला तर ठोका पडतो, पण त्यामागून सूर घुटमळत राहतो. ज्याला दोन्ही संगीते वाजवायची असतात त्याला दोन मँडोलिने लागतात असे दुकानदार सांगतो, आणि या एका बाबतीत त्याचा स्वार्थ आणि सत्य एकत्र नांदतात.

आता मान. सोयीचा खरा मामला इथे आहे आणि इथेच खरेदीदार सर्वांत कमी वेळ देतो, कारण मान छायाचित्रात चांगली येत नाही. तारा जिथून खुंट्यांकडे जातात त्या नटची रुंदी नेहमीच्या मँडोलिनवर २८.६ मिलिमीटर असते. रुंद मानेच्या मँडोलिनवर ती ३०.२. फरक दीड मिलिमीटरच्या आसपास. जाड बोटांचा माणूस पहिल्या प्रकारावर एक जोडी दाबताना शेजारच्या जोडीलाही गप्प करतो. दुसऱ्या प्रकारावर हे टळते. लहान हाताच्या माणसाला मात्र रुंद मानेवर करंगळी पोचवताना कष्ट पडतात. या दीड मिलिमीटरवरून वादकांत पक्के तट आहेत. गंमत अशी की आपल्या मँडोलिनची नट किती रुंद आहे हे विचारल्यास दोन्ही तटांतले बरेच लोक घरी जाऊन मोजून सांगतात.

रुंदीइतकाच मानेच्या पाठीचा घाट महत्त्वाचा. काही माना मागून नावेच्या तळासारख्या निमुळत्या, काही गोल. अंगठा मानेवरून वर काढून धरणाऱ्याला निमुळती बरी वाटते. व्हायोलिनवरून आलेल्याला गोल. पडद्यांची पट्टी सपाट असू शकते किंवा किंचित बाकदार. बाक असला की तर्जनी आडवी टाकून अनेक तारा दाबणे सोपे जाते. पडदे स्वतः बारीक असतात किंवा रुंद. रुंद पडद्यांवर बोट थोडे चुकले तरी सूर साफ येतो, आणि ते झिजायला वेळ लागतो. स्वस्त मँडोलिनवर जुन्या पद्धतीचे बारीक पडदे असतात, ज्यांच्यावर बोट नेमके ठेवावे लागते. म्हणजे ज्याला अजून नेमके ठेवता येत नाही त्याच्याच हाती हे पडदे पडतात.

मग पॉलिश. चकाकणारी मान दुकानात सुंदर दिसते आणि दमट हातात चिकटते. मान सरसर फिरावी म्हणून वादक तिच्यावरचे पॉलिश खरवडून लाकूड उघडे करतात. ज्यांना स्वतः खरवडायची हिंमत होत नाही ते कारागिराला त्याचे पैसे देतात. हजार डॉलरच्या मालिकेतली साधी, मंद पॉलिशची मान याबाबतीत महागड्या मानेपेक्षा सरस ठरते. पण स्वस्त वस्तू अधिक सोयीची आहे, हे नवे मँडोलिन घ्यायला निघालेल्याच्या गळी उतरणे अवघड.

तारांची उंची हा सगळ्यात मोठा विषय, आणि त्याची किंमत सर्वांत कमी. बाराव्या पडद्यावर तारा पडद्याच्या माथ्यापासून दीड ते दोन मिलिमीटर वर असाव्यात. त्याहून वर असल्या तर बोट दमते, खाली असल्या तर पडद्यावर तार खरखरते. मँडोलिनची घोडी दोन भागांची असते आणि मधल्या चकत्या फिरवून ती वर-खाली करता येते. ती चिकटवलेली नसते. तारांच्या दाबाने जागेवर राहते. ज्याला हे ठाऊक नसते तो सगळ्या तारा एकदम काढतो, घोडी हातात येते, आणि ती नेमकी कुठे होती हे घरातल्या कोणालाच आठवत नाही. नंतर मँडोलिन कुठल्याच सुरात लागत नाही. नटच्या खाचा स्वस्त वाद्यांवर सहसा उथळच ठेवलेल्या असतात, त्यामुळे पहिल्या-दुसऱ्या पडद्याजवळ तार उंच राहते आणि नवशिक्याचे सगळे स्वरमेळ नेमके तिथेच असतात. मान किंचित वाकली असेल तर आतली लोखंडी सळई फिरवून सरळ करतात. ही सळई गिब्सनच्या थॅडियस मॅकह्यू यांची कल्पना, तिचे पेटंट १९२३चे. कारागीर हे सारे एका बैठकीत करून देतो. त्याला सेटअप म्हणतात आणि त्याला शंभर डॉलरच्या आसपास खर्च येतो. वाद्य बदलण्याआधी जुन्या मँडोलिनचा सेटअप करून पाहावा, हे प्रत्येक कारागीर सांगतो. बहुतेक वादक तो करतातही. फक्त नवे घेऊन झाल्यावर, जुने भाच्याला द्यायचे असते तेव्हा. आणि मग भाच्याकडे काहीशा संशयाने पाहू लागतात. तारा एक इयत्ता बारीक लावल्या तरी बोटाला उसंत मिळते. डॅडॅरिओ कंपनीच्या मध्यम संचातली सर्वांत पातळ तार इंचाच्या अकरा हजारांशाची, हलक्या संचातली दहा हजारांशाची. फरक मोजायला यंत्र लागते. बोटाला लागत नाही.

मँडोलिन हाताळून पाहणे हा विधी ठरलेला आहे. दुकानातली मँडोलिने भिंतीवर टांगलेली आणि बेसूर असतात. आठ तारा, त्याही जोडीजोडीने एकमेकींशी तंतोतंत जुळवायच्या, त्यामुळे प्रत्येक वाद्य वाजवण्याआधी बराच वेळ खुंट्यांत जातो. (१९९५च्या ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’मध्ये शाहरुख खान मोहरीच्या शेतात मँडोलिन घेऊन उभा आहे; त्याला खुंटी पिळावी लागत नाही, कारण तो चित्रपट आहे.) सुरात आल्यावर वादक तीच एक धून प्रत्येकावर वाजवतो आणि तिसऱ्यानंतर पहिले कसे होते ते विसरतो. आवाज पुढे जातो, त्यामुळे वाजवणाऱ्यालाच तो सर्वांत कमी ऐकू येतो. शहाण्याने दुसऱ्या कोणाला वाजवायला लावावे, स्वतः समोर पाठ करून बसावे आणि पाटी न पाहता निवडावे. असे करणारे अनेकदा ए आकाराचे वाद्य निवडतात, मग वळून पाहतात आणि मत बदलतात. आवाज कोता वाटला तर दुकानदार सांगतो की स्प्रूस नवे आहे, वाजवत गेले की उघडते. ते थोडेफार खरेही आहे. किती दिवसांत, हे मात्र कुठल्याच पावतीवर लिहून मिळत नाही.

वापरलेले मँडोलिन घेणे हा मध्यम बजेटाचा सर्वांत शहाणा वापर. त्याच पैशात एक पायरी वरचे वाद्य येते, सेटअप बहुधा आधीच्या मालकाने केलेला असतो आणि लाकूड जे काय उघडायचे ते उघडलेले असते. पाहायचे ते असे: मान पिळलेली नाही ना, तोंडाचे लाकूड घोडीखाली खचलेले नाही ना, पडद्यांत खड्डे नाहीत ना, सळई फिरते ना. सांधलेल्या भेगेला फार भिऊ नये. मन्रोंचे मँडोलिन १९८५ साली कोणी घरात घुसून शेगडीच्या सळईने फोडले; गिब्सनच्या कारागिराने त्याचे शेकडो तुकडे जुळवून ते परत उभे केले आणि मन्रोंनी ते पुढे वाजवले. मात्र न्हाव्याच्या दुकानांवर विसंबू नये. मन्रोंनंतर तिथे इतक्या लोकांनी डोकावले आहे की आता काचेत केवळ कंगवे राहिले आहेत.

भारतातल्या वादकाला (मँडोलिन इथे परके नाही; लक्ष्मीकांत-प्यारेलाल या संगीतकार जोडीतले लक्ष्मीकांत कुडाळकर आधी मँडोलिनवादकच होते) या दर्जाची वाद्ये दुकानात रांगेने हाताळायला मिळणे कठीण जाते. मग न्यू जर्सीच्या आतेभावाला सांगितले जाते. आतेभाऊ सॉफ्टवेअरमध्ये असतो. तो दुकानात जाऊन फोनवरून कळवतो की वाद्य छान आहे, पेटीही मजबूत आहे आणि रंग चॉकलेटी आहे. नटची रुंदी विचारल्यावर तो थोडा वेळ गप्प राहतो. मँडोलिन विमानात डोक्यावरच्या कप्प्यात मावते, ही त्याची आणखी एक सोय. पण अमेरिकेच्या कोरड्या हिवाळ्यात जुळवलेले स्प्रूस मुंबईच्या किंवा पणजीच्या जुलैत ओल शोषून फुगते, तोंड वर येते आणि त्याबरोबर तारा. घोडीच्या चकत्या अशा वेळी अर्धा फेरा खाली घ्याव्या लागतात आणि दिवाळीनंतर परत वर. लाकडाला ४५ ते ५० टक्के आर्द्रता मानवते. कोकणात ती पावसाळ्यात कुठल्याच खोलीत सापडत नाही, म्हणून वाद्य पेटीत आणि पेटीत ओल शोषणाऱ्या पुड्या ठेवाव्यात. घरातले लोक त्या पुड्या बिस्किटांच्या डब्यात नेऊन ठेवतात.

राहता राहिला किरकोळ खर्च. मँडोलिनची पाठ पोटाला टेकली की आवाज दबतो. पोट जितके समृद्ध तितका अधिक. त्यासाठी पाठीवर अडकवायची धातूची चौकट मिळते. उजव्या हाताखाली तोंड दबू नये म्हणून लाकडी टेकू मिळतो. आणि पिक. ‘ब्लू चिप’ नावाचा एक पिक ३५-४० डॉलरला एक मिळतो, आणि तो झिजत नाही असा त्याचा लौकिक आहे. नव्या वाद्यावर हा खर्च करण्याआधी तो जुन्यावर लावून पाहावा, कारण फरक मुख्यतः हातातल्या पिकाचा असतो आणि पिक दोन्ही वाद्यांवर चालतो. तो झिजण्याची चिंता करण्याचे कारण नाही. तो त्याआधी सोफ्याच्या फटीत जातो, आणि सोफा उचलायला माणसे लागतात.